भुईगावचा दगड आणि दुर्गाबाई



१९५६ साली आपल्या भुईगावात बेसाल्टच्या दगडाचा एक तुकडा सापडला. त्यावर ब्राह्मी लिपीत कोरलेल्या ओळी होत्या. जाणकारांनी त्या वाचल्या तेव्हा कळलं, की हा सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा भाग आहे. आठव्या लेखाचा तुकडा त्याआधी, १८८२ साली, सोपाऱ्याच्या तलावाजवळ मिळाला होताच. म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी, सोपारा हे भरभराटीचं बंदर असताना, राजाचे आदेश इथे दगडात कोरून ठेवलेले होते. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ते वाचावेत, ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावेत, अशी ती सोय. एका परीने तो त्या काळचा रेडिओच म्हणा.

शाळेच्या पुस्तकात अशोक भेटतो तो कलिंगच्या युद्धासाठी. नववा लेख काय सांगतो हे आपल्याला कुणी सांगत नाही. भुईगावचा तुकडा अपुरा आहे, पण हाच लेख गिरनारसारख्या इतर ठिकाणी पुष्कळ शाबूत आहे, त्यामुळे मजकूर ठाऊक आहे. राजा म्हणतो, लोक आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना नाना तऱ्हेची मंगलकार्यं करतात. आणि पुढे म्हणतो, त्यातही बायका तर फारच करतात; नाना प्रकारची, क्षुद्र आणि निरर्थक.

आम्ही हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या गटात आधी हसू फुटलं, मग जरा राग आला. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीही हेच! आपल्या घरातल्या एखाद्या शिकलेल्या पुरुषाने गौरी-गणपतीच्या दिवशी पेपर वाचता वाचता म्हणावं, तसंच अगदी.

पण राजाशी अन्याय करू नये. त्याने ही मंगलं बंद करा असं म्हटलेलं नाही. करावीत, पण त्यांचं फळ थोडं, असं त्याचं म्हणणं. खरं मंगल कोणतं, तर दास आणि नोकरांशी नीट वागणं, गुरुजनांचा मान राखणं, प्राण्यांच्या बाबतीत संयम ठेवणं. यात नाकारण्यासारखं काय आहे? तरीही तो एक शब्द सलतोच. निरर्थक. ज्याला अर्थ नाही ते. राजाला अर्थ दिसला नाही हे एक, आणि अर्थ नव्हताच हे दुसरं. या दोन्हींत फरक आहे.

हा फरक ओळखायला आपल्याकडे फार वर्षं गेली. मध्ये आणखी एक फर्मान आलं, तेही सांगायला हवं. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाने, तिथल्या बाटलेल्या लोकांच्या लग्नातल्या देशी चालीरीतींवर बंदी घातली. नवरा-नवरीला हळद-तेल लावायचं नाही, विड्याचे मान द्यायचे नाहीत, लग्नात ओव्या गायच्या नाहीत. ओव्यांवर बंदी! तेव्हा वसईही पोर्तुगीजांच्याच ताब्यात होती. पुढे तीनच वर्षांनी, १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला ही गोष्ट आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. फर्मानाची गोष्ट मात्र कुणाला नसते.

गंमत बघा. ज्याला एक राजा क्षुद्र म्हणून बाजूला सारतो, त्याचीच दुसऱ्या सत्तेला इतकी धास्ती वाटते की ती कायदा करते. आणि बायकांनी केलं काय? ईस्ट इंडियन ख्रिस्ती लग्नांत 'उंबराचं पाणी' आणायला बायका आजही वाजतगाजत, गात विहिरीवर जातात. त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. धर्म बदलला, राज्यं आली आणि गेली, पण विहिरीकडे जाणारी वाट बायकांनी सोडली नाही.

या गोष्टींना अर्थ आहे, तो शोधायला अभ्यास लागतो, आणि तो अभ्यास संस्कृत ग्रंथांच्या अभ्यासाइतकाच कसोशीने करायचा असतो, हे मराठीत ज्यांनी ठामपणे करून दाखवलं त्यांत दुर्गा भागवत अग्रभागी आहेत. आजचं आमचं बोलणं त्यांच्याविषयी आहे. भुईगावच्या दगडाशी त्यांची सांगड आम्ही घालतो आहोत, ती त्यांनी घातलेली नाही. पण एक धागा खरोखरच आहे, तो आधी दाखवतो.

सोपाऱ्याचा स्तूप आपण पाहिलेला असतो. नसेल पाहिला तर नालासोपारा स्टेशनवरून रिक्षाने जाता येतं. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथे खोदकाम केलं. आत दगडाचा एक मोठा गोल करंडा निघाला. त्यात तांब्याचा करंडा, त्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा, आणि सगळ्यांच्या आत सोन्याचा. सोन्याची फुलं होती, ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती होत्या, आणि अगदी आतल्या डबीत मातीच्या भांड्याचे तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे ते तुकडे असावेत असं मानलं गेलं. सोन्याच्या डबीत मातीचं खापर! हा सगळा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला. फोर्टातली ती पांढऱ्या खांबांची, उंच पायऱ्यांची टाउन हॉलची इमारत, तीच. आणि त्याच इमारतीतल्या ग्रंथालयात दुर्गाबाई वर्षानुवर्षं रोज जाऊन बसत, वाचत, टिपणं काढत. आपल्या सोपाऱ्याचा ठेवा आणि दुर्गाबाईंचं अभ्यासाचं टेबल एका छपराखाली होतं.

दुर्गाबाईंचा जन्म १० फेब्रुवारी १९१० चा, इंदूरचा. धाकटी बहीण कमला. ही कमला म्हणजे पुढे डॉ. कमला सोहोनी. केंब्रिजहून १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळवलेल्या, विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी आधी त्यांना बाई म्हणून प्रवेश नाकारला होता, आणि या बाईंनी तो हट्टाने मिळवला. त्यांचं एक काम आपल्या जवळचं आहे, ते म्हणजे नीरेचं. आपल्या पट्ट्यात माड-ताडावर चढणाऱ्यांची घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सकाळची ताजी नीरा अंगाला चांगली हे त्या घरातल्या आजीला माहीत होतंच. कमलाबाईंनी ते प्रयोगशाळेत तपासलं, त्यातली जीवनसत्त्वं आणि लोह यांचा हिशेब मांडला, कुपोषित मुलांना आणि गरोदर बायकांना त्याचा काय उपयोग होतो ते पाहिलं. त्या कामाला राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला.

हे विषयांतर वाटेल, पण नाही. एकाच घरातल्या दोन बहिणी. एक नीरा तपासते, दुसरी ओवी तपासते. दोघींची रीत एकच: लोक काय करतात ते आधी नीट पाहायचं, हसायचं नाही, आणि भाबडेपणाने मानही डोलवायची नाही.

दुर्गाबाई कॉलेजात असताना स्वातंत्र्याच्या चळवळीत ओढल्या गेल्या, शिक्षण मध्ये थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. आधी बौद्ध धर्मातल्या न्यायनियमांचा अभ्यास, तो १९३९ मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपाने आला. मग मानववंशशास्त्र. मध्य प्रदेशातल्या आदिवासींत राहून त्यांच्या गोष्टी-गाणी गोळा करत असताना रानातल्या कंदाची विषबाधा झाली आणि उमेदीची काही वर्षं अंथरुणात गेली. डॉक्टरेट राहूनच गेली. नावामागे पदवी नसलेल्या या बाईने पुढे जे लिहिलं, त्यावर कितीतरी जणांनी डॉक्टरेट मिळवली असेल!

त्यांच्या पुस्तकांची यादी पाहिली तर पहिल्यांदा गोंधळायला होतं. 'ऋतुचक्र' निसर्गावर. 'व्यासपर्व' महाभारतावर. 'पैस' ललित लेखांचं. 'लोकसाहित्याची रूपरेखा' आणि 'धर्म आणि लोकसाहित्य' अभ्यासाची. भारतीय लोकसाहित्यावर आणि कोड्या-उखाण्यांवर इंग्रजीत पुस्तकं. सिद्धार्थ जातकाचं सात खंडांत मराठी भाषांतर. अमेरिकेतल्या थोरोने तळ्याकाठच्या एकांतावर लिहिलेल्या पुस्तकाचं भाषांतर, 'वॉल्डनकाठी विचारविहार'. केतकरांच्या कादंबऱ्यांवर समीक्षा. वेगवेगळ्या प्रांतांच्या लोककथांची मुलांसाठी पुस्तकं. आणि 'खमंग' नावाचं स्वयंपाकाचं पुस्तक! लायब्ररीवाल्याने ही पुस्तकं ठेवायची तरी कुठल्या कपाटात?

आमचं मत असं, की ही सगळी पुस्तकं एकाच कपाटात ठेवावीत. कारण प्रश्न एकच आहे. माणसं रोजच्या जगण्यात जे करतात, म्हणतात, रांधतात, रंगवतात, त्यातून ती स्वतःला जगाशी कशी जोडून घेतात? हा प्रश्न धरला की बारा महिन्यांच्या झाडाफुलांवरचं पुस्तक आणि पाककृतींचं पुस्तक सख्ख्या बहिणी वाटायला लागतात.

'ऋतुचक्र' १९५६ चं. योगायोग म्हणजे भुईगावचा दगड सापडला तेच वर्ष. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिन्यांचे बारा लेख. इंग्रजी महिने नाहीत, आपले. ज्यांना झाडांचं वेड आहे त्या हे पुस्तक झाडांसाठी वाचतात, आणि वाचावंच. आम्हाला त्यातली मांडणी मोलाची वाटते. कारण चैत्र-वैशाख-ज्येष्ठ हे कॅलेंडर बायकांच्या हातात राहिलेलं आहे. पगार एक तारखेला होतो, वीजबिल इंग्रजी तारखेला येतं, पण वटपौर्णिमा ज्येष्ठात, नागपंचमी श्रावणात, भोंडला आश्विनात. दर्याला नारळ श्रावणी पौर्णिमेला आणि त्यानंतर होड्या पाण्यात. हे आजही आपल्या कोळीवाड्यांत कुणी समजावून सांगत नाही, कळतंच. राजाने ज्यांना क्षुद्र मंगलं म्हटलं, त्यांतली कितीतरी खरं तर पावसाची, पेरणीची, समुद्राची, झाडांना कधी हात लावायचा आणि कधी नाही याची टिपणवही आहे. सगळीच नाहीत, पण बरीच. 'ऋतुचक्र' वाचताना निसर्ग आणि सण हे दोन वेगळे विषय नाहीत हे आपसूक अंगात भिनतं.

'खमंग'कडे लोक जरा गमतीने पाहतात. एवढ्या विदुषीने स्वयंपाकाचं पुस्तक लिहावं? आमचा उलटा प्रश्न आहे, दुसऱ्या कोणी लिहायचं? स्वयंपाकघर ही घरातली सगळ्यात जुनी पाठशाळा. आपल्या वसईत सुकेळी करायची पद्धत बघा. विशिष्ट जातीची केळी, ती किती पिकू द्यायची, किती दिवस उन्हात, संध्याकाळी कशी झाकायची, सुकल्यावर कशात बांधायची. एवढं सगळं कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. सासूच्या हातून सुनेच्या हातात आलं, आणि ज्या घरात सून ऑफिसला जायला लागली तिथे थांबलं. आम्ही सुनेला दोष देत नाही, आमच्यातल्या अर्ध्याजणी तीच सून आहोत. पण थांबलं हे खरं.

लोकसाहित्यावरची त्यांची पुस्तकं वाचायला सोपी नाहीत, हे आधीच सांगतो. पहिली तीस पानं धीर धरावा लागतो. पण हळूहळू लक्षात येतं, की ओवी म्हणजे नुसती जुनी, गोड, हरवत चाललेली वस्तू नाही. ती कोण म्हणतं, कुणासमोर म्हणतं, हात काय करत असताना म्हणतं, यात तिचा अर्थ आहे. जात्यावरची ओवी स्टेजवर तबला-पेटीसह म्हटली की सूर राहील, बाकीचं जाईल. पहाटे अंधारात, सासू उठायच्या आत, दगडाच्या घरघरीत आपलं बोलणं बुडवून टाकत बाई जे बोलत होती, ते दगड नसताना कसं बोलणार? साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या जमवल्या, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याचे खंडच्या खंड काढले, पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ही सगळी एकमेकांना पूरक कामं. दुर्गाबाईंचा वाटा त्यात असा, की या ढिगाकडे पाहायचं कसं, त्याची शिस्त काय, हे त्यांनी मराठीतून मांडलं.

कोड्यांचं पुस्तक १९६५ चं. आपण उखाणा म्हणजे नवऱ्याचं नाव घेणं समजतो. पण उखाण्याचा जुना अर्थ कोडं असाच आहे. नाव सरळ घ्यायचं नाही, आडवळणाने घ्यायचं. वस्तू सरळ सांगायची नाही, तिची खूण सांगायची. दोन्हींचं मूळ एकच. लग्नात नवरीला सगळ्यांसमोर उखाणा घ्यायला लावतात तेव्हा आपण तिची परीक्षाच घेत असतो, नाही का?

आणि जातक. बुद्धाच्या पूर्वजन्मीच्या शेकडो कथा दुर्गाबाईंनी मराठीत आणल्या. त्या मोठ्या कथासंग्रहात सुप्पारक नावाच्या एका नावाड्याची कथा आहे. खाऱ्या पाण्याने डोळे गेलेला हा तांडेल, तरी व्यापारी त्यालाच गलबतावर नेतात. वादळात गलबत अनोळखी समुद्रांत भरकटतं, आणि हा आंधळा म्हातारा नुसतं वर्णन ऐकून हा कुठला समुद्र ते सांगतो आणि सगळ्यांना परत आणतो. कथा घडते भरुकच्छात, म्हणजे भडोचला. पण त्याचं नाव सुप्पारक, आणि आपल्या सोपाऱ्याचं जुनं पाली नावही तेच. नाव तिकडे कसं गेलं या वादात आम्ही पडत नाही. अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या एखाद्या म्हाताऱ्या तांडेलाला ही गोष्ट सांगून पाहा. आम्ही सांगितली. ते म्हणाले, डोळे लागतात कशाला, पाण्याचा वास येतो.

'व्यासपर्वा'बद्दल इतकंच सांगतो, की त्यात द्रौपदीकडे पाहताना दुर्गाबाई तिला पतिव्रतेच्या चौकटीत बसवत नाहीत. एक जिवंत, अभिमानी, रागलोभ असलेली बाई म्हणून तिला वाचतात. कथेकऱ्यांकडून द्रौपदी ऐकलेल्या बायकांनी हा लेख आवर्जून वाचावा. 'पैस'मधला ज्या लेखावरून पुस्तकाला नाव मिळालं, तो नेवाशाच्या खांबावरचा आहे. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली असं मानतात, तो. १९७१ मध्ये या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आता आपल्या जिल्ह्यातलंच एक उदाहरण घेऊ, म्हणजे पुस्तकातली शिस्त इथे कशी लागू पडते ते दिसेल. डहाणू-तलासरीकडे वारल्यांच्या लग्नात झोपडीच्या आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नचौक काढतात. मधोमध पालघाट देवी. हा चौक काढायचा मान सवाशिणींचा. आणि लग्न लावते धवलेरी, म्हणजे गाणी म्हणत विधी चालवणारी बाई. भटजी नाही, भगतही नाही, बाई! लग्न लागतं ते तिच्या गाण्याने. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या चित्रकाराच्या नजरेला ही कला पडली, कागद आणि रंग गावात आले, आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी तिला जगभर नेलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या हातात विलक्षण ताकद होती, त्याबद्दल दुमत नाही.

पण एक गोष्ट नजरेआड होते. भिंतीवर होती तोवर ही कला बायकांची होती आणि तिला कला म्हणत नव्हते. कागदावर आली, विकली जाऊ लागली, तेव्हा ती कला झाली आणि बहुतेक पुरुषांची झाली. आज आपण वारली चित्राची साडी घेतो, पडदे घेतो, चहाचे कप घेतो. त्या नाचणाऱ्या माणसांच्या वलयात धवलेरी कुठे आहे हे विचारत नाही. चित्र गाण्यासह, गाणं विधीसह, विधी तो करणाऱ्या बाईसह पाहायचा, हे लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी शिकवलेलं भान असेल तर हा प्रश्न पडतोच.

इथवर ऐकून कुणाला वाटेल, की दुर्गाबाई म्हणजे जुन्यात रमलेल्या, ग्रंथालयात बसून राहिलेल्या शांत बाई. तसं मुळीच नव्हतं. १९७५ साली कराडच्या मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. संमेलनाच्या अध्यक्षपदी आलेल्या त्या दुसऱ्याच बाई. पहिल्या कुसुमावती देशपांडे, १९६१ च्या ग्वाल्हेरच्या संमेलनात. कराडचं संमेलन डिसेंबरात झालं. जूनपासून देशात आणीबाणी होती, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, माणसं तुरुंगात होती. स्वागताध्यक्ष कोण, तर यशवंतराव चव्हाण, केंद्रातले मंत्री. आणि जयप्रकाश नारायण मुंबईच्या रुग्णालयात अत्यवस्थ. दुर्गाबाईंनी त्या व्यासपीठावरून जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. लेखकाच्या स्वातंत्र्यावर त्या उघड बोलल्या. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. पोलीस न्यायला आले तेव्हा त्या होत्या एशियाटिकच्या ग्रंथालयात, वाचत.

आम्हाला यातली प्रार्थना फार महत्त्वाची वाटते. त्यांनी घोषणा दिली नाही, ठराव मांडला नाही. आजारी माणसासाठी प्रार्थना. आजारपणात मंगल करणं, नवव्या शिलालेखातल्या यादीत पहिलंच नाव ज्याचं आहे, तेच. बायका घरोघर जे करतात ते त्यांनी हजारो माणसांसमोर, सत्तेच्या तोंडावर केलं. त्या छोट्या कृतीत किती ताकद असू शकते हे आयुष्यभर ज्यांनी अभ्यासलं होतं, त्यांनाच ते सुचणार. नंतर त्यांनी पद्मश्री आणि ज्ञानपीठ नाकारलं, पण त्याचं आम्हाला तितकंसं अप्रूप नाही. कराडचं आहे.

दुर्गाबाईंचं सगळं पटतं असं मात्र नाही. मतं टोकाची, जिभेला धार, माणसांबद्दलचे निवाडे कधी कधी फार घाईचे. त्यांच्या मुलाखती, विशेषतः प्रतिभा रानड्यांनी घेतलेल्या 'ऐसपैस गप्पा दुर्गाबाईंशी' मधल्या, वाचताना आमच्यातल्या काहीजणी चिडल्याही. पण ग्रंथांपुढे दबायचं नाही हे त्यांच्याकडूनच शिकलो असल्यामुळे आम्ही त्यांच्या ग्रंथांपुढेही दबत नाही.

आणि एक कडू गोष्ट आपल्यालाच विचारायची आहे. बायकांच्या मंगलांना अर्थ आहे, हे आम्ही इतका वेळ सांगितलं. पण हळदीकुंकवाला शेजारची विधवा बाई बोलावली जात नाही, मुलीच्या लग्नात तिची आई नवरा नाही म्हणून मागे उभी राहते, हाही त्याच मंगलाचा अर्थ आहे. त्याला काय करायचं? इथे अशोकाचा प्रश्न पुन्हा समोर येतो: या मंगलात शेजारच्या माणसाशी नीट वागणं बसतं का? २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं गावात बंद. राज्य सरकारने तो सगळ्या ग्रामपंचायतींपुढे ठेवला. आपल्याकडे काही सोसायट्यांतल्या हळदीकुंकवात आता सगळ्याजणींना वाण मिळतं. काहींत अजून नाही. पहिल्या वर्षी कुंकवाची डबी पुढे केल्यावर ज्या बाईचा हात मागे गेला, तिच्या मनात काय होतं हे फर्मानाने कळत नाही, ठरावानेही कळत नाही. तिच्याशीच बसून बोलावं लागतं. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी गावोगाव केलं ते हेच.

२०२५ मध्ये दिल्लीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी डॉ. तारा भवाळकर होत्या. त्याही लोकसाहित्याच्याच अभ्यासक. पन्नास वर्षांत विषय कडेवरून मधोमध आला, असं म्हणायला हरकत नाही. दुर्गाबाई ७ मे २००२ रोजी गेल्या. त्यांची बरीच पुस्तकं अजून मिळतात. सुरुवात करायची तर 'ऋतुचक्र'ने करा, आणि ज्या महिन्यात हातात येईल त्याच महिन्याच्या लेखापासून.

जाता जाता सोपाऱ्याकडे परत. भगवानलालजींनी खोदलं तेव्हा गावातल्या कुणालाही तो स्तूप आहे हे माहीत नव्हतं. बुद्ध विसरला गेला होता. पण ते टेकाड कुणाचं, हे मात्र लोक सांगत होते. त्याला म्हणत बुरूड राजाचा कोट. टोपल्या-सुपं विणणाऱ्या बुरडाचा राजा कसा झाला, त्याचं राज्य कसं गेलं, त्याची राणी कोण, याची काहीतरी गोष्ट नक्की असणार. नावं अशी उगाच पडत नाहीत. सोपारा, गास, वाघोली, निर्मळ, भुईगाव, या भागात कुणाच्या आजीने ती सांगितलेली असेल, अर्धीमुर्धी का होईना, तर आम्हाला कळवा. आजीला स्टुडिओत यायला जमत नसेल तर आम्ही घरी येतो. तिचं काम चालू असेल तेव्हाच येऊ, भाजी निवडताना म्हणा, फुलं ओवताना म्हणा. हात चालू असले की बोलणं बरं होतं.